पत्राचा धनी कोण?

घराण्याच्या मालकीचं वृत्तपत्र म्हणजे लोकशाहीत शिल्लक राहिलेली जहागीर, असं पत्रकारितेवरच्या परिसंवादांत हल्ली ठासून सांगितलं जातं. आजोबा संपादक, मग मुलगा, मग नातू. वाचकाला विचारतो कोण? या आरोपाला गिरगावातल्या ‘नवाकाळ’चा इतिहास समोर ठेवून उत्तर द्यायला हवं. चार पिढ्या एका घरात राहिलेलं हे दैनिक २०२३ मध्ये शंभर वर्षांचं झालं.

त्याची सुरुवात एका नोकरदार संपादकापासून होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’तले. टिळक मंडालेला गेले तेव्हा पत्राची धुरा सुरुवातीला त्यांच्यावर होती. त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, म्हणजे लेखणीची किंमत त्यांना ठाऊक होती. १९२० मध्ये टिळक गेले. खाडिलकरांचा ओढा गांधीजींच्या असहकाराकडे, तर ‘केसरी’चा सूर वेगळा. ते बाहेर पडले, ‘लोकमान्य’ दैनिकात गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘नवाकाळ’ काढला.

हाच प्रसंग त्याआधी आगरकरांवर आला होता. ‘केसरी’चे पहिले संपादक ते, पण समाजसुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये खुर्ची सोडली आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मतासाठी झगडणाऱ्या मराठी संपादकाला स्वतःचं पत्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मालकी हा त्यांच्या दृष्टीने ऐषआरामाचा मामला नव्हता. खाडिलकरांना १९२९ मध्ये ‘नवाकाळ’मधल्या लिखाणावरून राजद्रोहाची शिक्षा झाली. ती भोगायला दुसरा कोणी भागधारक नव्हता.

पुढे संपादकपद मुलाकडे, यशवंत ऊर्फ आप्पासाहेबांकडे आलं, मग नातू नीलकंठ यांच्याकडे. नीलकंठ खाडिलकरांना लोकांनी ‘अग्रलेखांचा बादशहा’ म्हटलं. त्यांची छोटी, ठोकून बसवलेली वाक्यं गिरणगावातला कामगार मोठ्याने वाचायचा. ‘प्रॅक्टिकल सोशॅलिझम’चा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं. संपादकाची खुर्ची मुलीकडे, जयश्री खाडिलकर-पांडे यांच्याकडे आली. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी भारतीय महिला बुद्धिबळाचा पहिला काळ गाजवलेला. रोहिणी तर १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. मराठी दैनिकाच्या संपादकपदी स्त्री दिसणं आजही दुर्मीळ आहे. ‘नवाकाळ’मध्ये ते घडलं.

इथवर घराण्याची बाजू भक्कम वाटते. तरीही आरोपातला एक भाग मान्य करावा लागतो. धाडस वारसाहक्काने मिळत नाही. खाडिलकरांकडे लिहिणारी माणसं निपजली, हा त्या घराचा गुण. घराणेशाहीचा नियम नव्हे. वारस नुसता हिशेब बघणारा निघाला असता, तर आज ‘नवाकाळ’चा दाखला द्यायला कोणी धजलं नसतं. उलट पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये ‘सकाळ’ उभा केला, बातमीची शिस्त मराठीत आणली. १९७३ मध्ये ते गेले आणि १९८५ मध्ये पत्र पवार कुटुंबाकडे गेलं. संस्थापकाचं घर मागे पडलं, घराणं मात्र आलंच.

म्हणून वाद घराणं की कंपनी हा नाहीच. मालक वाचकाला दिसतो का, एवढाच प्रश्न उरतो. खाडिलकर कुठे राहतात, काय लिहितात, हे गिरगावला माहीत होतं. चूक झाली तर जाब विचारायला दार होतं. मोठ्या समूहात निर्णय घेणाऱ्याचं तोंड वाचकाला कधी दिसत नाही.

१९५६ च्या नियमांनी प्रत्येक वृत्तपत्राला फेब्रुवारी संपल्यावर मालकीचं निवेदन छापायला लावलं. त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असणाऱ्यांची नावं द्यावी लागत. कोपऱ्यातल्या बारीक टायपातला तो ‘फॉर्म ४’ बहुतेकांनी न वाचताच रद्दीत घातला. वाचकहो, आपण घेता त्या दैनिकाच्या अंकात मालक, मुद्रक, प्रकाशक म्हणून कोणाची नावं छापली आहेत, ती ओळ आज शोधून वाचा.