शाडूची मूर्ती आणि हेतूची चौकशी

श्रावण सरत आला, की पेणच्या कारखान्यांतून निघालेल्या गणेशमूर्ती गावोगावच्या दुकानांत येऊन बसतात, आणि गिऱ्हाइकापुढे दोन पर्याय उभे राहतात: एक प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती, हलकी, सहसा न भंगणारी व स्वस्त, दुसरी शाडूची, जड, नाजूक आणि महाग. एरवी भाजीच्या जुडीवरही घासाघीस करणारा गृहस्थ या दुसरीचा विडा का उचलतो, हा प्रश्न वरकरणी बाजारशास्त्राचा असला, तरी मला तो धर्मशास्त्राचा वाटतो.

शास्त्राधार विचाराल तर तो निर्विवाद आहे. भाद्रपद चतुर्थीचे पूजन पार्थिव गणपतीचे; मृत्तिकेत प्राणप्रतिष्ठा करावयाची आणि उत्तरपूजेनंतर ती मृत्तिका जलाच्या स्वाधीन करावयाची. प्लास्टर पाण्यात सहजी विरघळतच नाही, तेव्हा विसर्जनाची सांगता तरी कशी व्हावी? परंतु शाडू घेणाऱ्यांपैकी पोथी उघडून पाहणारे विरळाच. कोणाला पोरांनी शाळेतून येऊन बजावलेले असते, कोणाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची नियमावली आणि महापालिकेचे हुकूम यांची धास्ती असते, आणि कित्येकांना आरतीस आलेल्या पाहुण्यांस 'आमची शाडूची हो' असे सांगण्यातच पुण्याची निम्मी वसुली झाल्यासारखी वाटते.

कांटने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचा दाखला दिला आहे. तो अजाण मुलालाही वाजवी भावाने माल देतो, परंतु आपला धंदा टिकावा म्हणून. सबब त्याचे वर्तन कर्तव्यास धरून असले, तरी कर्तव्यबुद्धीतून उद्भवलेले नव्हे. त्याच्या जागी गिऱ्हाइकास उभे केले, की आमच्या शाडूभक्ताचाही निवाडा तोच. गीतेच्या सतराव्या अध्यायात फळाच्या आशेने दिलेले दान राजस ठरते. त्या मापाने ही खरेदीही राजसच.

मला हा निवाडा जरा कडक वाटतो, कारण नदीच्या दप्तरी काय टाकले एवढेच नोंदले जाते, का टाकले ते नव्हे. मात्र हेतूची चौकशी अगदीच फिजूल म्हणता येत नाही. पाहुण्यांच्या नजरेवर पोसलेली निष्ठा त्यांची नजर पोहोचते तेथवरच चालते: मूर्ती शाडूची, आणि मखराच्या पाठीमागे २०१८ पासून राज्यात बंदी असलेले थर्माकोल! उलट ज्यास पार्थिव पूजेचे मर्म उमगले, तो या शाडूचाही हिशेब मागतो, कारण ही मातीदेखील बव्हंशी गुजरातेत खणून मालमोटारींतून येते. तो घरच्या बादलीत विसर्जन करतो आणि खाली बसलेला गाळ वाळवून मूर्तिकाराकडे परत पोचवतो, म्हणजे पुढील साली त्याच मातीची मूर्ती घडावी. आणि या खेपेस त्याच्यासोबत आरतीचे पाहुणे नसतात.