दाबाखालचं पायरीन

श्वास सावकाश चालू द्या. ज्याच्याकडे पाहायचं आहे त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांत मोजतात. तुमच्या एका श्वासात तशी लाखो आयुष्यं सरतील. तरी घाई नको.

पायरीनचा एक रेणू डोळ्यांसमोर आणा. बेंझीनची चार कडी जोडलेला, सपाट. भोवती द्रावक म्हणून हेक्झेन. अतिनील किरण येतो, रेणू तो शोषून उत्तेजित होतो, आणि थांबतो. हवा काढून टाकलेल्या द्रावणात हे थांबणं सरासरी 400 नॅनोसेकंदांच्या आसपास. मग जांभळट-निळा प्रकाश सोडून तो मोकळा होतो. अँथ्रासीन हेच काम पाचेक नॅनोसेकंदांत उरकतं. पायरीनचा हा रेंगाळणारा स्वभाव मला फार आवडतो.

त्या थांबण्यावरच मन ठेवा.

आता द्रावणात हवा मिसळू द्या. ऑक्सिजनचा रेणू भटकत येतो, भिडतो, आणि प्रकाश बाहेर पडण्याआधीच उत्तेजन विझतं. आयुष्य 20 नॅनोसेकंदांच्या घरात येतं. असा विझवणारा रेणू म्हणजे शमक. शमक वाढेल तसा विझण्याचा वेग सरळ रेषेत वाढतो, हे गणित स्टर्न आणि फोल्मर यांनी 1919 मध्ये मांडलं.

आता दाब वाढवा, अगदी हळू. 100 मेगापास्कल: मारियाना गर्तेच्या तळाशी साधारण इतका असतो. 200. 400. द्रावण ठेवलेल्या पोलादी कोठडीच्या नीलमणी खिडकीतून पाहत राहा. मन म्हणेल, गर्दी वाढली, धडका वाढणार, उजेड लवकर विझणार. द्रावण आकसतं, ऑक्सिजन थोडा दाटतो, हे खरंच. पण हेक्झेनचा चिकटपणा त्याहून कितीतरी अधिक वाढतो. ऑक्सिजनची वाट अडते, भेट लांबते, विझवण्याचा वेग उतरतो.

मात्र चिकटपणा जितक्या पट वाढतो तितक्या पट हा वेग उतरत नाही. इथे जरा रेंगाळा. ऑक्सिजन इवलासा, हेक्झेनच्या रेणूंमधल्या फटींतून तो निसटतो. शिवाय प्रत्येक भेटीत तो विझवतोच असं नाही, आणि दाट द्रावकात भेटलेली जोडी लवकर सुटत नाही. एकमेकांशेजारी कोंडून पुन्हा पुन्हा भिडते. एखादा दुबळा शमक घ्या, ज्याच्या बहुतेक धडका वाया जातात. त्याला पोचायला उशीर होतो, निघायलाही तितकाच. म्हणून त्याच्या वेगावर चिकटपणाचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही.