आवर्तनाची तारीख

कुकडीचं आवर्तन कधी सुटणार, ही चर्चा जुन्नर-आंबेगावच्या पारांवर दर हंगामात रंगते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांत किती टक्के साठा उरलाय, हे इथं शाळकरी पोरालाही सांगता येतं. पाणी कमी असल्याची धास्ती असतेच. पण कमी आहे हे एकदा कळलं की शेतकरी त्यातून वाट काढतो. कांद्याचं क्षेत्र घटवतो, हरभऱ्यावर भागवतो. जीव टांगणीला लागतो तो तारीख न कळल्यामुळे. रोपं टाकायची की थांबायचं, मजूर सांगायचे की नाही, सगळंच अडून बसतं. कालवा सल्लागार समितीची बैठक लांबली की एरवी शांत असणारी माणसंही रस्त्यावर येतात, आणि त्यांना कुणी हट्टी म्हणत नाही.

स्वमग्न मुलाला मात्र म्हणतात. शाळेचा रोजचा रस्ता गटाराच्या कामासाठी उकरला, जेवायला स्टीलच्या ताटाऐवजी प्लास्टिकची डिश आली, मामाच्या गाडीतून जायचं ठरलेलं असताना ऐनवेळी एसटीनं निघावं लागलं, की ते मूल जमिनीवर अंग टाकतं, कान झाकून घेतं, कधी भिंतीवर डोकं आपटतं. बघणाऱ्यांचं निदान तयारच असतं: आईनं लाडावून ठेवलाय, दोन ठेवून दिल्या की सरळ होईल. आजी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकते. तिचं मला तितकं वावगं वाटत नाही, कारण निदान तिला पोराला काहीतरी त्रास होतोय हे तरी पटलेलं असतं. दोन ठेवून द्यायला निघालेल्यांना तेवढंही पटलेलं नसतं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, आजची ओळख तिथून सुरू झाली. या मुलांमध्ये त्यांना दोन गोष्टी ठळक दिसल्या: आपल्यातच राहणं आणि भोवतालचं सगळं जसंच्या तसं राहावं ही निकड. या निकडीचं वर्णन करताना कॅनर यांनी तिच्या आतली चिंताही नोंदवली होती. पुढच्या कित्येक दशकांत, वागणूक सुधारण्याच्या भरात, चिंता बाजूला पडली आणि निकडीचा हट्ट तेवढा उरला. हट्ट म्हटलं की तो मोडायचा असतो.

चिंता कशाची, याचं एक उत्तर एमआयटीतले पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली सुचवलं. आपला मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. दार उघडलं की कोण आत येईल, आवाज चढला की पुढं भांडण होईल की हशा पिकेल, हे आपण न ठरवता ओळखतो. ऑटिझममध्ये हेच अवघड जात असावं आणि म्हणून जग पुनःपुन्हा अचानक अंगावर येत असावं, अशी ती मांडणी आहे. ती सर्वमान्य आहे असं नाही. ऑटिझमची सगळी रूपं एका सूत्रात बसवण्याचे प्रयत्न आजवर तोकडेच पडले आहेत. तरी घरात रोज वावरताना ती उपयोगी पडते. मुलानं धरलेला रस्ता, ताट, गाडीतली जागा या त्याला आधीपासून माहीत असलेल्या तारखा आहेत. बाकीच्या दिवसाचं आवर्तन कधी सुटेल याचा त्याला पत्ता नसतो, म्हणून हातात असलेल्या चार तारखा तो घट्ट धरून ठेवतो.

त्यात आवाज, उजेड आणि वास यांची भर. लग्नातला डीजे आपल्याला नकोसा होतो. काही स्वमग्न मुलांना मिक्सरचा आवाजही सोसत नाही. आणि नेमक्या याच बाबतीत जुन्नर-आंबेगाव हे दोन तालुके जगापुढं उदाहरण म्हणून ठेवावेत असे आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं हे काम जगभर नावाजलेलं आहे. अवकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत तिला टिपायचे असतात, म्हणून आसपासच्या परिसरात रेडिओ गोंगाट करू शकणाऱ्या उद्योगांवर निर्बंध आहेत. दुर्बिणीमुळं आमच्याकडं औद्योगिक वसाहत आली नाही, अशी तक्रार इथं वर्षानुवर्षं ऐकू येते आणि ती अगदीच खोटी नाही. पोरांच्या नोकऱ्या चाकणला गेल्या. तरीही लोकांनी ते सोसलं, कारण यंत्र नाजूक आहे, त्याला शांतता लागते, हे सरकारनं मान्य केलं आणि लोकांनीही. तबकडीवर दोन ठेवून द्या म्हणजे सवय होईल, असं अजून कुणी सुचवलेलं नाही.

मुलासाठी एवढ्या मोठ्या प्रदेशात शांतता पाळावी लागत नाही. चैत्रातली गावजत्रा घ्या. पालखी, ढोल-लेझीम, बैलगाडा शर्यतीच्या घाटातला लाउडस्पीकर, रात्री तमाशा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी आणि विठाबाईंचं गाव, तेव्हा तमाशा बंद करा असं म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण जत्रेची तारीख पंचांगातून महिनाभर आधी ठरते. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा गोंधळ आपल्याकडं सगळ्यात आधी माहीत असतो. चार दिवस अगोदर चित्रं काढून, पुनःपुन्हा सांगून, पाहुणे कोण येणार, कोण कुठं झोपणार, ढोल किती वाजता सुरू होणार हे मुलाला दाखवता येतं. ढोल वाजत असताना मळ्यातल्या चुलत्याच्या घरी जायची मोकळीक देता येते. उलट काही मुलं घाटात रमतात. प्रत्येक बैलाचं नाव, मालकाचं गाव, कुठला गाडा किती सेकंदांत घाट चढला, हे सारं पाठ. तेच मूल घरी आल्यावर दारातली चपलांची जागा बदलली म्हणून रडतं. यात विसंगती काही नाही. घाटात पुढं काय होणार ते त्याला ठाऊक आहे: गाडा सुटणार, घड्याळ लागणार, आकडा पुकारला जाणार.

आता दुसऱ्या टोकाकडं. एडीएचडी असलेल्या माणसाची अडचण बरोबर उलटी वाटते. त्याला तेच ते सहन होत नाही. पायाला भिंगरी, डोक्यात दहा विचार, हातातलं काम अर्धवट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७ पासून एक गोष्ट लावून धरली आहे: या माणसांना काय करायचं ते माहीत नसतं असं नाही, माहीत असलेलं वेळेवर करणं जमत नसतं. फवारणी उद्या आहे हे डोक्यात असतं. पण उद्या उजाडेपर्यंत त्या उद्याला वजनच नसतं. म्हणून उपदेश वाया जातो. उपदेशातून माहिती मिळते, आणि ती तर त्याच्याकडं आधीपासून असते.

मला वाटतं, इथल्या शेतीनं अशी कितीतरी माणसं आजवर सांभाळून घेतली आहेत आणि कुणाच्या ते लक्षातही आलेलं नाही. डेअरीचं संकलन सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी होतं. उशीर झाला तर दूध घेत नाहीत. टोमॅटो तोडायला आला की थांबत नाही, आणि नारायणगावच्या बाजारातला भाव सकाळचा दुपारी राहत नाही. काम समोर दिसतं, लगेच फळतं किंवा लगेच बुडवतं, आणि बाजारात उभं राहायला चपळ, बोलघेवडा, जोखीम घेणारा माणूसच लागतो. वेळ राखायचं काम त्याच्या डोक्यानं नाही, गाईनं आणि पिकानं केलेलं असतं. असा मुलगा बारावीपर्यंत आईच्या हाकांवर निभावतो. मग पुण्यात इंजिनीअरिंगला जातो, वसतिगृहात हाक मारणारं कुणी नसतं, आणि दोन सत्रांत विषयांचा ढीग राहतो. गावाला वाटतं, पोरगा शहरात जाऊन बिघडला. बाहेरचे टेकू निघाल्यावर काय उरतं, ते तिथं पहिल्यांदा उघडं पडलेलं असतं.

बाईचं काय होतं, हे आणखी बिकट. घरात इतर सगळ्यांची वेळ जिनं सांभाळायची, तिलाच एडीएचडी असेल तर तिचे टेकू कोण? दूध उतू जातं, सिलिंडर सांगायचा राहतो, पोराच्या वहीवर शाळेनं लिहिलेली सूचना आठवड्यानं सापडते. तिच्यासाठी वेंधळी, धांदरट ही विशेषणं सासरी तयार असतात. पुरुषाचा विसरभोळेपणा कौतुकानं सांगितला जातो. तिचा हिशोब मात्र माहेरच्या वळणापर्यंत जातो.

ही दोन टोकं एका घरात, बऱ्याचदा एका माणसात नांदतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत २०१३ पर्यंत दोन्ही निदानं एका व्यक्तीला एकत्र देता येत नव्हती. पाचव्या आवृत्तीनं ती आडकाठी काढली. दोन्ही असलेल्या माणसाला ठरलेला दिवस हवा असतो आणि तो ठरवून पाळणं त्याला जमत नाही. मोठ्या उत्साहानं वेळापत्रक करतो, चौथ्या दिवशी त्याला कंटाळतो, आणि मोडलं म्हणून सैरभैर होतो. शिवाय दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, त्यामुळं सारखेपणा हवा असलेलं मूल आणि सारखेपणा न झेपणारा बाप अशी जोडी मुळीच दुर्मीळ नसावी. त्यात शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येत आली. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप उसात, बिबट्याच्या धास्तीनं आई जागी, सकाळी सगळं घर पेंगुळलेलं. दिवसा वीज द्या ही मागणी इथं बिबट्यामुळं पुढं आली. अशा घराला तिचा आणखी एक फायदा आहे, तो कुठल्या निवेदनात लिहिला जात नाही एवढंच.

गाव अशा माणसाला सामावून घेतं का? कॅनर यांच्या निबंधातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, याचं आयुष्य या संदर्भात पाहण्यासारखं आहे. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात तो वाढला. लहानपणी काही वर्षं त्याला एका शेतकरी दांपत्याकडं ठेवलं होतं. त्याला मोजमापाचं वेड होतं, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितलं. मक्याच्या ओळी मोजत सुटायचा, तर नांगर धरून मोजायला लावलं. वेड मोडण्याऐवजी त्याला काम जोडलं. कॅनर १९४५ मध्ये भेटायला गेले तेव्हा हे पाहून चकित झाले. पुढं डोनाल्डनं बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर एकटा फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गोष्ट गोड आहे, पण बँक त्याच्या घरच्यांची होती, हेही सांगायला हवं. गाव आपोआप मायाळू असतं यावर माझा विश्वास नाही. त्या शेतकरी जोडप्याकडं मात्र पैसा नव्हे, निरीक्षण होतं, आणि ते ओतूर-घोडेगावातही मिळण्यासारखं आहे.

बाकी व्यवस्था थोडक्यात सांगता येते, कारण ती थोडकीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत तपासणीला येतात. पुढची तपासणी, उपचार आणि दाखला यासाठी पुण्याची वाट धरावी लागते. भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून निघालेल्या आईचा त्यात दिवस आणि मजुरी जाते. आणि ज्या मुलाला अनोळखी जागा सोसत नाही, त्याचीच परीक्षा अनोळखी जागेत, अनोळखी माणसासमोर होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. तिच्यावरचं प्रमुख औषध मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येत असल्यानं तालुक्याच्या दुकानात सहजी मिळत नाही. महिन्याची चिठ्ठी आठवणीनं घेऊन पुण्याला जायचं, ते नेमकं विसरण्याचा आजार असलेल्यानं.

सारखेपणा किती पुरवायचा, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर पालकांत खडाजंगी होते. तीनच पदार्थ खाणारं मूल त्या तिनांवर सोडून देता येत नाही. दात दुखला तर दवाखान्यात न्यावंच लागतं. माझं मत असं की बदल करायचा, पण आधी सांगून, एका वेळी एक, आणि बाकीचं जागच्या जागी ठेवून. वरण बदलायचं असेल त्या दिवशी ताट तेच हवं. न सांगता बदललेलं आणि सांगून बदललेलं यांत मुलाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उपचारकेंद्रातून आई चित्रांचं वेळापत्रक घेऊन येते: दात घासणे, आंघोळ, दप्तर, शाळा. पहिला आठवडा ते भिंतीवर नेमानं हलतं. मग तिच्याकडून चित्र बदलायचं राहतं, आणि मूल सोमवारच्या चित्रापुढं मंगळवारी आकांत करतं. पुढच्या भेटीत तिला सातत्याबद्दल चार शब्द ऐकवले जातात. आईला स्वतःला एडीएचडी असेल का, हे तिथं कुणी विचारत नाही. काही घरांत मग मूलच चित्रं बदलायला लागतं, आईला वेळ सांगायला लागतं, आणि घर त्याच्या घड्याळावर बरं चालतं. ते पाहायला छान वाटलं तरी त्या मुलावर घराची मुकादमी टाकू नये. तीही चुकली की आकांत त्यालाच करावा लागतो. संध्याकाळची चित्रं शेजारच्या काकूंनी लावावीत, सकाळच्या गजराचं काम फोननं करावं, गोळ्यांची तारीख नवऱ्यानं दूध संघाच्या कार्डावर लिहून ठेवावी.