दोन्ही बाजूंच्या बाकांवरून न्यायासनाकडे

खून, दरोडा, घटस्फोट, भाडेकरूंचे तंटे, अपघाताची भरपाई अशा कारणांनी अमेरिकेतला सामान्य माणूस कोर्टाची पायरी चढतो, तेव्हा ती पायरी बहुतेक वेळा त्याच्या राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयाची असते. वॉशिंग्टनमधल्या सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायमूर्तींची नावे जगभर छापली जातात. पुरावा मात्र ऐकला जातो तो खाली, काउंटीच्या इमारतीत. साक्षीदार कुठे अडखळला, ज्युरीतला कोण अस्वस्थ झाला, हे वरच्या न्यायालयाला कागदांवरून कळत नाही. म्हणूनच खालच्या न्यायासनावर कोण बसतो आणि तिथे बसण्यापूर्वी तो काय करत होता, हा प्रश्न साधा नाही.

पीटर केहिल यांचे नाव 2021 पर्यंत मिनेसोटा राज्याबाहेर कुणाला फारसे ठाऊक नव्हते. मिनियापोलिस शहर ज्या हेनेपिन काउंटीत येते, तिथल्या जिल्हा न्यायालयात ते 2007 पासून न्यायाधीश होते. 25 मे 2020 रोजी त्याच शहरातल्या एका रस्त्यावर डेरेक शॉविन या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर 9 मिनिटे 29 सेकंद गुडघा दाबून धरला. सतरा वर्षांच्या एका मुलीने आपल्या फोनवर ते चित्रित केले आणि पुढे जे घडले ते साऱ्या जगाने पाहिले. शॉविनवरचा खुनाचा खटला केहिल यांच्यापुढे आला.

त्यांची आधीची वाटचाल पाहण्यासारखी आहे. 1984 साली मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी सुरुवात केली ती काउंटीच्या पब्लिक डिफेंडर कार्यालयात, म्हणजे वकील परवडत नाही अशा आरोपींच्या बचावासाठी सरकारी खर्चाने चालणाऱ्या कचेरीत. त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्यांनी स्वतःची वकिली केली. 1997 मध्ये ते समोरच्या बाकावर गेले आणि काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात रुजू झाले. पुढे सिनेटर म्हणून गाजलेल्या एमी क्लोबुशार नंतर त्या कार्यालयाच्या प्रमुख झाल्या आणि केहिल त्यांचे मुख्य सहायक. तिथून गव्हर्नर टिम पॉलेंटी यांनी त्यांना न्यायाधीश नेमले. क्लोबुशार डेमोक्रॅटिक पक्षाच्या, पॉलेंटी रिपब्लिकन. मिनेसोटात रिकामी जागा गव्हर्नर भरतो आणि पुढे दर सहा वर्षांनी न्यायाधीशाला मतदारांसमोर जावे लागते. लेखी परीक्षा तिथे नाही. तेवीस वर्षे दोन्ही बाजूंनी खटले लढवलेला माणूस, हीच त्यांची पात्रता.

त्या पात्रतेचा कस लागला तो साक्षी सुरू होण्याआधीच. ज्युरीची निवड चालू असताना, 12 मार्च 2021 रोजी, मिनियापोलिस महानगरपालिकेने फ्लॉइड कुटुंबाला 2 कोटी 70 लाख डॉलर देण्याचा समझोता जाहीर केला. कुटुंबाला भरपाई मिळणे न्याय्यच होते. पण आरोपीच्या दृष्टीने पाहिले, तर निकालापूर्वीच शहराने दोष कबूल केल्यासारखे ते दिसत होते. केहिल यांनी उघड नाराजी व्यक्त केली, तोवर निवडलेल्या सात जणांना पुन्हा बोलावून एकेकाला प्रश्न विचारले आणि दोघांना वगळले. खटला मात्र ना दुसऱ्या काउंटीत हलवला, ना पुढे ढकलला. आरोपीची भीती समजणारा बचावाचा वकील आणि खटला उभा करण्याचे कष्ट जाणणारा सरकारी वकील, असे दोघेही त्या निर्णयात दिसतात.

भारतात ज्युरी राहिली नाही, पण मुंबईकरांच्या स्मरणात तिची एक कथा पक्की आहे. 1959 मध्ये कमांडर नानावटींवरच्या खटल्यात एका साप्ताहिकाने मोहीम चालवली, कोर्टाबाहेर गर्दी उसळली आणि ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी तो कौल स्वीकारला नाही आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे नानावटी दोषी ठरले आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. बाहेरच्या गदारोळापासून कोर्टाची खोली राखणे हे खालच्या न्यायाधीशाचे पहिले काम असते. मेहतांना ते कौल आल्यानंतर करावे लागले, केहिल यांना तो येण्यापूर्वी.

कायद्याच्या एका बारीक मुद्द्यावर तर केहिल एकटे पडले. शॉविनवर ठेवलेल्या आरोपांपैकी तिसऱ्या श्रेणीच्या खुनाचा आरोप त्यांनी ऑक्टोबर 2020 मध्ये रद्द केला. त्यांच्या वाचनाप्रमाणे ते कलम एका विशिष्ट व्यक्तीवर रोखलेल्या कृत्याला लागू होत नव्हते. मार्च 2021 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध कौल दिला आणि त्यांनी तो आरोप मुकाट्याने पुन्हा दाखल करून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दुसऱ्या एका पोलिसाच्या प्रकरणात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा अर्थ लावला तो केहिल यांनी लावला होता त्याच दिशेने. शॉविनची शिक्षा दुसऱ्या श्रेणीच्या खुनासाठी होती, त्यामुळे तिला धक्का लागला नाही. लोकक्षोभाच्या ऐन भरात आरोपीवरचा एक आरोप कमी करण्याची हिंमत न्यायाधीशाने दाखवली, याचे मोल फार मोठे आहे. ते काम कुणाच्याही टाळ्या मिळवणारे नव्हते.

20 एप्रिल 2021 रोजी ज्युरीने तिन्ही आरोपांवर शॉविनला दोषी ठरवले. शिक्षेसाठी सरकारी पक्षाने तीस वर्षे मागितली, बचाव पक्षाने तुरुंगवासाऐवजी देखरेखीखाली मुक्तता. राज्याच्या शिक्षाविषयक सूत्रानुसार पहिल्याच गुन्ह्याला साडेबारा वर्षे लागू होती. 25 जूनला केहिल यांनी साडेबावीस सुनावली. कोर्टात ते अगदी थोडे बोलले. ही शिक्षा भावनेवर किंवा लोकमतावर बेतलेली नाही, एवढे सांगून कारणांसाठी त्यांनी बावीस पानांच्या लेखी टिपणाकडे बोट दाखवले. पदाचा आणि विश्वासाचा गैरवापर व विशेष क्रौर्य, या दोन कारणांवर त्यांनी वाढीव दहा वर्षे उभी केली होती. 2023 मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली.

पण त्याच टिपणात एक जागा अशी आहे जी खटकते. घटनास्थळी चार अल्पवयीन मुली होत्या, त्यातली एक नऊ वर्षांची. मुलांसमोर गुन्हा घडला हे केहिल यांनी मान्य केले, पण त्या मुलींना मानसिक आघात झाल्याचे पुराव्यात पुरेसे दिसत नाही, असे नोंदवून ते कारण शिक्षा वाढवण्यासाठी वापरले नाही. राज्याच्या अॅटर्नी जनरलने हा मजकूर सुधारावा अशी विनंती केली. केहिल यांनी ती फेटाळली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्या मुली काय बोलल्या, हे ज्यांनी ऐकले त्यांना हा निष्कर्ष पटणे कठीण आहे. दोन बाकांवर बसलेल्या माणसाला तिसऱ्या जागेवरून, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या मुलीच्या जागेवरून, दिसेलच असे नाही. अनुभवाच्या बाजूने बोलणाऱ्याने ही मर्यादा लपवू नये.

न्यायासनाआधीच्या अनुभवाचा हा प्रश्न सध्या महाराष्ट्रातल्या तरुण वकिलांच्या दारात उभा आहे. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, मूळचे अमरावतीचे आणि स्वतः नागपूर खंडपीठात सरकारी वकील राहिलेले. थेट महाविद्यालयातून न्यायासनावर आलेल्यांना कोर्टाचा व्यवहार उमगत नाही, असे बहुतेक उच्च न्यायालयांचे म्हणणे होते. ते खरेच आहे. ज्याने जामिनासाठी दिवसभर ताटकळलेल्या आईचा चेहरा पाहिलेला नाही, त्याच्या हातून पुढची तारीख फार सहज पडते.

तरीही अट अपुरी वाटते. तालुक्याच्या कोर्टात ज्येष्ठाच्या हाताखाली जवळपास विनामोबदला तीन वर्षे काढणे गरीब घरातल्या मुलाला, आणि लग्नाची घाई लागलेल्या घरातल्या मुलीला, सोपे नाही. शिवाय ही वर्षे कशात गेली, हे कुणी विचारत नाही. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सही, एवढे पुरते. केहिल यांच्या कारकिर्दीत मोलाचे होते ते वर्षांपेक्षा दोन्ही बाजूंचे काम.

तसे काम आपल्याकडे देता येईल. 2022 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली आणि अनेक जिल्ह्यांत ती कार्यालये चालू आहेत. सरकारी वकिलांची कचेरी तर प्रत्येक जिल्ह्यात आहे. निवड झालेल्या न्यायाधीशाच्या प्रशिक्षणात या दोन्ही ठिकाणी काही महिने सक्तीचे करावेत, आणि तीन वर्षांच्या अटीत बचाव कार्यालयातल्या पगारी कामाला प्राधान्याने धरावे. मग उमेदवारीच्या काळात घर चालवण्याचा प्रश्न काही अंशी सुटेल आणि आरोपीच्या शेजारी बसून एकदा तरी रिमांडचा अर्ज ऐकलेला माणूस त्या अर्जावर सही करायला बसेल.