उभी बाटली, आडवी बाटली

नारायणगाव

चि. सायली हिस,


तुझी नवी ब्रुअरी बघून आल्यापासून तो छोटा ग्लास डोळ्यांसमोरून हलत नाही. गढूळ पिवळी बिअर, वर बोटभर फेस, आणि नाकाशी नेल्याबरोबर पिकल्या केळ्याचा वास, त्यामागून लवंगेचा. यात केळं घातलंस का, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, नाही आत्या, हे सगळं यीस्टचं काम. पंधरा वर्षं मी बिअर विकली, पण बिअरला असा वास असतो हे मला साठीत कळलं. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला दोनच शब्द ठाऊक होते, ‘स्ट्राँग’ आणि ‘चिल्ड’. इतकी गार बाटली घशाखाली गेली की चव कळायला जागाच राहत नाही. तू ते चालू देऊ नकोस. ही गव्हाची बिअर दहा-बारा अंशांवर दे आणि का देतेस ते गिऱ्हाइकाला समजावून सांग. एकदा वास कळलेला माणूस घाईनं पीत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

तू माल्ट समजावत होतीस तेव्हा मला तुझी आजी दिसत होती. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजायची, दळायची. तुम्ही लहान असताना तेच नाचणीसत्त्व खाऊन वाढलात. जवाचंही तसंच. मोड आला की दाण्यातल्या पिठाची साखर करणारं बळ त्याच्यातच तयार होतं, आणि तुम्ही ते ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर कामाला लावता. म्हणून तुझी नाचणीची बिअर मला मनापासून पटली. पण नाचणीचं बळ जवाइतकं नाही. पाटीवर नाव झळकावं म्हणून ती वाढवू नकोस. जवाचा आधार ठेव, आणि घाणा बिघडला तर तो खपवत बसू नकोस, ओतून दे. आमच्याकडे उन्हात तापलेल्या टेम्पोतून हिरव्या बाटल्यांचा माल यायचा. उजेडानं हॉप्स बिघडून बिअरला जळक्या रबरासारखा वास यायचा. परत घ्या म्हटलं तर पुरवठादार ऐकायचा नाही आणि आम्ही तोच माल विकायचो. ते मला अजून लागतं.

पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या ‘डूलाली’ या ब्रुअरीचं नाव आपल्या देवळालीवरून आलंय, हे तुझ्याकडूनच कळलं. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर देवळालीच्या छावणीत पडून राहायचे आणि कंटाळून भ्रमिष्टासारखे व्हायचे, त्यावरून तो शब्द इंग्रजीत गेला. परवान्याची वाट बघताना तुलाही तसंच वाटेल. म्हणून आता कागदांचं सांगते.

आपल्या राज्यातला मूळ कायदा १९४९ चा आहे आणि तो दारूबंदीचा आहे. विक्री हा त्यातला अपवाद. विकणाऱ्याला परवाना लागतो, पिणाऱ्यालाही लागतो. आमच्या वेळी पिण्याचा परवाना वर्षाचा शंभर रुपयांत, जन्मभराचा हजारात मिळायचा. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचा अर्धा संताप कमी होतो. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा जानेवारीतच कामाला लाग. एजंट नेमलास तरी प्रत्येक कागद स्वतः वाच. आम्ही एकदा वाचला नाही. दुकानाच्या क्षेत्रफळात एक आकडा चुकला होता, तो दुरुस्त व्हायला पाच महिने गेले आणि तेवढे दिवस शटर बंद राहिलं. साठ्याची वही रोज रात्री लिही, उद्यावर टाकू नकोस. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर, शिवाय निवडणूक आली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास, हे ड्राय डे पंचांगासारखे भिंतीवर लाव. आमच्या बाटल्या फ्रिजमध्ये थांबायच्या. तुझी ताजी बिअर किती थांबते, त्याचा हिशेब धरूनच घाणा लाव. आणि गोव्यात माल पाठवायचं एवढ्यात मनात आणू नकोस. दारू जीएसटीत नाही. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, लेबलाची नोंदणी वेगळी, आणि छोट्या माणसाचा नफा त्या खेपांतच संपतो. जिथं बनते तिथंच ताजी प्यायला मिळते हेच तुझ्या मालाचं मोल आहे.

बिअरला वय २१ लागतं, कडक दारूला २५. ओळखपत्र मागायला लाजू नकोस, अगदी नात्यातल्या मुलालाही.

आता जे सांगण्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते. तुझ्या बाबांना, दादालाही, मी हे कधी सांगितलेलं नाही.

आमच्या गावात दारूबंदीचं मतदान झालं तेव्हा तू शाळेत होतीस. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानं बंद. मीही त्या गावची बाईच, त्यामुळे मीही रांगेत उभी राहिले. माझ्या मागे सुमन होती, आपल्या शेतावर खुरपायला यायची ती. तिच्या नवऱ्याची उधारी माझ्या वहीत होती, दोन हजारांच्या वर. रांगेत ती माझ्याशी मुलांच्या परीक्षेबद्दल बोलत राहिली, दुकानाबद्दल चकार शब्द नाही. आत जाऊन मी उभ्या बाटलीवर शिक्का मारला. बाटली उभीच राहिली. रात्री ह्यांनी पेढे आणले, माझ्या घशाखाली उतरेनात.

दुसऱ्या दिवशी मी उधारीची वही फाडली. सुमनची तर सोडलीच, पण त्या दिवसापासून उधार देणंही बंद केलं. ह्यांचं नि माझं त्यावरून महिनाभर वाजलं, धंदाही पडला. पण भर दुपारी येऊन उभे राहणारे सात-आठ जण यायचे थांबले. थांबले म्हणजे पिणं सुटलं असं नाही, ते दुसरीकडे गेले असतील. तरी माझ्या वहीत कुणाच्या घरचा किराणा राहिला नाही.

मग डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायची. छोट्या गावांसाठी पुढे ते अंतर २२० मीटर झालं, पण आपलं शटर पुणे-नाशिक रस्त्यापासून वीस पावलांवर. ३१ मार्च २०१७ ला शेवटची बाटली विकली. ह्यांना फार लागलं. मला त्या रात्री शांत झोप लागली.

सायली, तुझा धंदा आमच्यापेक्षा वेगळा आहे हे मला दिसतं. तुझ्याकडे लोक बसून, बोलत, जेवत पितील, बायकाही येतील. पण महाग ग्लासात ओतली तरी दारू ती दारूच. रोज येणाऱ्याकडे लक्ष ठेव. तिसऱ्या ग्लासानंतर काही खाल्लंय का ते विचार, गाडीची किल्ली कुणाकडे आहे ते बघ. एकावर एक फुकट असल्या पाट्या लावू नकोस. तुझ्या गल्लीतल्या बायकांच्या हातात उद्या ती मतपत्रिका आली तर त्या काय करतील, हे महिन्यातून एकदा स्वतःला विचार. आणि त्यातली एखादी तक्रार घेऊन आली तर तिला आत बोलाव, खुर्ची दे, सगळं ऐकून घे.

तू या धंद्यात पडलीस म्हणून दादा अजून रागावलेला आहे. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला एकदा दुपारी माल्टचा दाणा चावायला दे. आजीच्या डब्यातली चव त्याला लगेच ओळखू येईल.

पहिल्या घाण्याचा चोथा फेकू नकोस. ओला चोथा उन्हाळ्यात दिवसभरात आंबतो, म्हणून आदल्या दिवशी फोन कर. मी पहाटेच टेम्पो पाठवते. आपल्या चार म्हशी आहेत, आणि आता सुमनच्याही दोन आहेत.

तुझी,
आत्या