सेवा की भीड?

मी : आत्या, वार्षिक सभेत संडे स्कूलची जबाबदारी घ्यायला कुणी पुढं येईना. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं, आणि मी हो म्हणालो. ही सेवा झाली की भीड? कळपाची काळजी आपखुशीनं घ्यावी, करावी लागते म्हणून घेऊ नये, असं पेत्र आपल्या पत्रात मंडळीच्या वडिलांना बजावतो.

आत्या : आणि पौल? तो करिंथकरांना लिहितो की सुवार्ता सांगणं त्याला भागच आहे, त्यातून त्याची सुटका नाही. म्हणजे काम त्यानं निवडलेलं नव्हतं. निर्वाहाचा हक्क मात्र त्यानं आपणहून सोडला. त्याची खुशी तिथं होती. आपल्या नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. सुवार्तेचं काम मात्र सोडलं नाही.

मी : त्यांना देवानं बांधलं होतं. मला सभेतल्या शांततेनं.

आत्या : देव शांततेतून बोलत नाही, हे तू ठरवणार? ऑगस्टीन ३९१ मध्ये हिप्पोला गेला होता. लोकांनी त्याला धरून बिशपपुढं उभं केलं आणि तो रडत असताना त्याला दीक्षा दिली. पुढं तो तिथलाच बिशप झाला आणि ४३० मध्ये मरेपर्यंत तिथंच राबला. खुशी मागाहूनही येते, बाळा.

मी : हा दाखला मला धोक्याचा वाटतो. ऑगस्टीन तरला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. प्रत्येक मंडळीत एखादी बाई असते, जिला नाही म्हणताच येत नाही. चहा तिचा, सतरंज्या तिच्या, नाताळचं नाटक तिचं, आजाऱ्यांच्या भेटी तिच्या. तिला ‘खुशी मागाहून येईल’ असं सांगणं क्रूर आहे. आपण तिच्या भिडेवर मंडळी चालवतो आणि वर तिला समर्पण म्हणतो.

आत्या जरा वेळ बोलली नाही. तिनंही अशी कितीतरी वर्षं काढली आहेत.

आत्या : प्रेषितांनीसुद्धा नाही म्हटलं होतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तेव्हा बारा जणांनी उघड सांगितलं की वचनाचं काम सोडून पंक्तीची व्यवस्था आम्ही बघणं बरं नाही. सात माणसं निवडायला लावली. त्यांतच स्तेफन होता, फिलिप्प होता.

मी : म्हणजे त्यांच्या नकारानं दुसऱ्यांना जागा झाली.

आत्या : पण विधवा उपाशी राहिल्या नाहीत, तेही बघ. नुसतं नाही म्हणून ते घरी गेले नाहीत.

मी : मग मी पंचांना सांगतो, एक वर्ष करीन, सोबत दोघं हवेत. आणि पुढच्या सभेत नाव सुचवण्याआधी त्या माणसाला एकट्यात विचारायचं, चार लोकांसमोर नाही.

आत्या : मुदत घालून सेवा? मला नाही पटत.

मी : मुदत देवाला नाही, पंचांना आहे.

आत्या : ते दोघं मिळाले नाहीत तर?

मी : तर मोठ्यांचा वर्ग बंद ठेवीन. लहानांचा घेईन. तो मला खरंच घ्यायचा आहे.