क्षमाशील लोखंड

गोल्फ हा आपल्या धर्मग्रामांत रुळलेला खेळ नव्हे. परंतु त्या खेळातील एका साध्या निवडीत आपल्या घराघरांतला प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

गोल्फमध्ये लोखंडी पात्याच्या काठीला 'आयर्न' म्हणतात. जुन्या वळणाच्या आयर्नचे पाते पातळ व घडीव असते आणि वजन मध्याच्या मागे एकवटलेले असते. कसलेला खेळाडू या काठीने चेंडूला हवे तसे डावी-उजवीकडे वळण देऊ शकतो. मात्र टोला मध्यापासून जरा ढळला, की पाते फिरते, हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू अंतर व दिशा दोन्ही गमावतो. दुसऱ्या प्रकारात पात्याची पाठ पोकळ करून वजन कडांकडे नेलेले असते. त्यामुळे टोला चुकला, तरी पाते कमी फिरते. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन अभियंता कार्स्टेन सोल्हाइम (१९११–२०००) यांनी ही रचना लोकप्रिय केली. इंग्रजी भाषिक खेळाडू अशा काठीला 'क्षमाशील'च म्हणतात.

ही क्षमा नेमके काय करते? चुकलेल्या टोल्याला ती अचूक ठरवीत नाही. तिचे फळ काहीसे सौम्य करते, म्हणून नवशिका निराश होऊन खेळ सोडीत नाही. पण तिची किंमतही आहे. चूक हाताला तितकी जाणवत नाही, आणि न जाणवलेली चूक सुधारणे अवघड असते.

अठराव्या शतकात नेपल्सचे संत आल्फोन्स लिगोरी यांच्यापुढे असाच पेच होता. काही धर्मगुरू पापक्षमा देण्यात कमालीचे कठोर होते, तर काही शिस्त पार सैल सोडीत. संतांनी दोन्ही टोके नाकारली. पोप बारावे पायस यांनी १९५० साली त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत घोषित केले.

लोखंडाला जे साधत नाही, ते प्रायश्चित्त संस्कारात साधते. तेथे पाप नाव घेऊन सांगावे लागते, पश्चात्ताप व सुधारण्याचा निश्चय करावा लागतो, प्रायश्चित्तही पुरे करावे लागते; आणि तरीही मनुष्याला दाराबाहेर ठेवले जात नाही. जाणीव तीव्र राहते आणि क्षमाही पूर्ण मिळते.

मुलगा खोटे बोलला, सुनेच्या हातून नुकसान झाले, भावाने शब्द मोडला, अशा वेळी आपण कोणते पाते उचलतो? केवळ कठोरपणा चूक लपवायला शिकवतो. 'जाऊ दे' एवढेच म्हणून विषय मिटवला, तर चूक करणाऱ्याला ती उमगतच नाही. चुकीला चूक म्हणावे, झालेली हानी शक्य तितकी भरून घ्यावी आणि त्याच रात्री त्याचे ताट आपल्या पंगतीत मांडावे. यातली एकही गोष्ट गाळली, तर क्षमा अपुरी राहते.